बरोबरीत सुटलेला डाव

जत्रेसाठी शिरवळहून सुट्टी काढून घरी आले, पाठीवरची सॅक अजून उतरवलीसुद्धा नव्हती, आणि बघते तर काय, अक्का कडब्याच्या गंजीवर पसरलेली! म्हणजे खरी अक्का नाही हो, तिचा फ्लेक्स. फेटा बांधलेली, हातात कप, मागं कुणीतरी वाघ, उगवता सूर्य आणि एक विमान चिकटवलेलं. विमान कशासाठी, ते आजपर्यंत गावात कुणालाच कळलेलं नाही. उन्हानं बिचारीचा चेहरा निळा पडलाय, "तालुक्याची वाघीण" मधली वाघीण दुमडून कडब्याखाली गेलीय, आणि बरोब्बर फेट्यावर चढून आमची शेळी निवांत रवंथ करतेय. मी इतकी हसले की आतून अव्वा ओरडली, "कोन हाय गं भायेर? यड लागलंय का?"

अव्वा म्हणजे आमची आई. आमचं गाव जतच्या बाजूला, पलीकडं चाललं की कर्नाटक. म्हणून आई ती अव्वा, मोठी बहीण ती अक्का आणि वडील अण्णा. अक्काचं खरं नाव वैजयंता. गावाला वैजी, पेपराला कुमारी वैजयंता, आणि एके काळी सगळ्या तालुक्याला "बुदबळवाली".

हसून झालं आणि मग मी वाकून फ्लेक्सला नाक लावलं. कारण नव्या फ्लेक्सला एक वास असतो ना, रबरासारखा, थोडा रॉकेलसारखा, डोक्यात जाणारा, तो ह्या फ्लेक्सचा कधीच उडून गेलाय. आता त्याला कडब्याचा वास येतो. आणि तो आधीचा वास म्हणजे माझी सगळी शाळा होती.

अक्का बुद्धिबळाकडं वळली कशी हे मला विचारू नका, मी फार लहान होते. मला आठवते ती थेट एसटी. पहाटेची, खिडक्या खडखडणारी, सांगलीला जाणारी. मी अण्णांच्या मांडीवर, अक्का खिडकीशी, आणि अण्णांच्या खांद्यावरच्या घोंगड्याला मेंढरांचा ओला वास. बाहेर सगळं करडं, बाभळी, खडक, टँकरची वाट बघणाऱ्या घागरी. मग हळूहळू हिरवं व्हायला लागायचं, ऊस दिसायला लागायचा, हवा जड व्हायची. आणि मार्केट यार्डाजवळून रिक्षा गेली की हळदीचा वास! नाकात, घशात, कपड्यांत. पुढं गुळाचा. मी डोळे मिटून सांगायचे, आता हळद, आता गूळ, आता नदी.

स्पर्धेचा हॉल म्हणजे काय शांतता! एवढी माणसं असून एवढी शांत जागा मी तोवर फक्त शाळेत साहेब तपासणीला आल्यावर बघितली होती. वरती पंखे गरगरतायत आणि खाली घड्याळांची बटणं, टप्... टप्... टप्. दोन वेण्या घातलेली अक्का, पाय जमिनीला न टेकणारे, हनुवटी मुठीवर. आणि बाहेर व्हरांड्यात अण्णा. सहा फुटी माणूस, तालमीत कान मोडलेले, गुलाबी पटका, धोतर. सांगलीच्या आया आपल्या पोरांना डबा भरवता भरवता त्यांच्याकडं बघायच्या. अण्णा दारातून आत डोकावून मला हळूच विचारायचे, "कोन वर हाय? आपली का त्याची?" वर म्हणजे कुस्तीत वर असतो तसं! मला काय कळतंय? मी म्हणायचे, "आपली." मग ते खूश होऊन मला भडंगाचा पुडा घ्यायचे. तिखट लागून नाक गळायचं तरी मी खायचे.

बघून बघून अण्णांना सोंगट्या कशा चालतात ते कळलं होतं. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच. पण डाव त्यांना कुस्तीतच कळायचा. अक्का जिंकून आली की ते विचारायचे, "चितपट?" ती म्हणायची, "चितपट." बास. एवढं झालं की दोघं परतीच्या एसटीत झोपायची.

आणि मग आला सत्कारांचा मोसम! खरंच मोसमच तो, हुरड्याचा असतो तसा. अक्का जिल्ह्यात पहिली आली आणि आमचं घर आमचं राहिलंच नाही. रोज कुणीतरी शाल घेऊन. रोज नारळ. घरात इतके नारळ झाले की अव्वा भाकरीबरोबर खोबऱ्याची चटणी, आमटीत खोबरं, कोरड्यासात खोबरं, आणि शेवटी वैतागून म्हणाली, "पुढच्या येळला म्हनावं, शेंगदानं द्या." शालींच्या तर आम्ही गोधड्या शिवल्या. अजून अंगावर घेतली की बोचते.

अक्कानं मोबाईलच्या दुकानाची फीत कापली. ब्यूटी पार्लरची कापली. स्वतः वेणीला तेल चोपडलेली, तिथल्या बाईला म्हणाली, "माझं काय करू नका हां!" एका ट्रॅक्टरवर तिच्या हातनं नारळ फोडला. गणपतीत आरती तिच्या हातनं, शाळेत झेंडा वर चढवताना शेजारी ती. आणि लोकांचे प्रश्न! एक आजोबा रानातनं चालत आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरी, तुजं डोस्कं चालतंय म्हनत्यात. बोर कुठं मारू सांग." अक्का म्हणाली, "आजोबा, मी बुदबळ खेळते." ते म्हणाले, "त्येच की. डोस्कं लावून सांग." शेवटी तिनं कुठंतरी बोट दाखवलं. तिथं पाणी लागलं! मग काय, आठवडाभर बांधावर हीऽ गर्दी. बायका दहावीतली पोरं घेऊन यायच्या, तिच्या पाया पडायला लावायच्या, आणि अक्का स्वतः नववीत.

मला ते दिवस लय आवडायचे. हलगी वाजली की पोटात नाचायचं. गुलाल उधळला की दोन दिवस कानातनं निघायचा. अक्काची बहीण म्हणून मला वडापाववाला चटणी जास्त द्यायचा. अण्णा तर काय, प्रत्येक सत्काराला स्वतःचा जरीचा फेटा बांधून पहिल्या रांगेत. गुडघ्यावर हात, मान ताठ. नाव पुकारलं की टाळ्या सगळ्यांच्या आधी त्यांच्या, आणि त्या टाळ्यांचा आवाज असा की माईकमध्ये यायचा.

मग साताऱ्याची स्पर्धा आली. राज्याची. थंडीचे दिवस, हवेत धूर, वर अजिंक्यतारा अर्धा धुक्यात. पेढ्यांच्या दुकानासमोर भाजलेल्या खव्याचा वास आणि आम्ही तिघं एका घोंगड्यात. ह्या वेळी हॉलमध्ये कुणालाच सोडत नव्हते, आम्ही बाहेर. शेवटच्या दिवशी अक्का आतून आली ती हसत. अण्णांनी विचारलं, "चितपट?" अक्का म्हणाली, "बरोबरी. पन कप आपलाच!" तेवढ्यात कॅमेरेवाले आले, हार आले, गोंधळ झाला, आणि अण्णांचा चेहरा मी नीट बघितलाच नाही.

हा कडब्यावरचा फ्लेक्स त्याच वेळचा. मिरवणूक निघाली, ट्रॅक्टर, हलगी, सगळं. आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या मोबाईलवर तो व्हिडिओ आला. पटावर अजून सोंगट्या उभ्या आहेत, अक्का समोरच्या मुलीकडं हात पुढं करते, ती हात मिळवते, दोघी हसतात, उठतात. संपला डाव.

आता हे तुम्हाला आमच्याकडचं मैदान बघितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडं कुस्ती निकाली पाहिजे. एकाची पाठ मातीला लागली पाहिजे. दोन मल्ल नुसते रेटत राहिले की मैदान बोंबलतं, "निकाली करा!" आणि हसत हसत हात मिळवून कुणी बाहेर आलं, तर त्याचा अर्थ आमच्या गावात एकच. आधीच ठरलेलं होतं. सेटिंग.

हॉटेलात पहिल्यांदा बोलले ते दादूकाका. अण्णांचे तालमीतले जोडीदार, जुने पैलवान, आता मिशा पांढऱ्या आणि जीभ तिखट. "पोरगी हुशार हाय, पन ही कुस्ती मिळवून घेतलीया गड्या." सगळे हसले. अण्णा तिथंच बसले होते. कपातला चहा तसाच ठेवून उठून आले.

त्या रविवारी गावचा मोठा सत्कार. मांडव, पुढारी, सगळं. अण्णांचा फेटा खुंटीवरच. सकाळीच मेंढरं घेऊन ते माळावर निघून गेले. अव्वा म्हणाली, "आवं, आज तरी थांबा." ते म्हणाले, "मेंढरांना काय कप कळतोय व्हय?" मी स्टेजच्या खाली बसले होते. अक्का वरून पहिल्या रांगेकडं बघत होती, त्या एका रिकाम्या खुर्चीकडं, आणि गळ्यात हार पडत होते, पडत होते, शेवटी तिचं तोंडच दिसेना.

त्यानंतर अक्का मोठी होत गेली आणि घर लांब. सांगलीत शिकली, तिथंच बँकेत खेळाडू म्हणून नोकरी लागली. फिती कापणं चालूच, सांगलीत, साताऱ्यात, कुठं कुठं. लोकांना ती लाडकी. कॉलेजात ओळख झाली की पोरी मला विचारायच्या, "तू तिची बहीण? खरंच?" पण घरी फोन आला की अण्णांशी बोलणं काय? पाऊस. मेंढरं. तब्येत. डावाचं एक अक्षर नाही. दिवाळीला यायची, दुसऱ्या दिवशी परत. मला सारखी भीती वाटायची की हे असंच राहणार. अण्णा मनात धरून म्हातारे होणार, की आपल्या पोरीनं मिळवून घेतलं, आणि अक्का सगळ्या जगाच्या टाळ्या घेऊन फिरणार, त्या एका माणसाच्या सोडून.

ह्या जत्रेला ती आली. मीच मागं लागले होते, रोज फोन, रोज मेसेज, ये गं ये गं. आली. संध्याकाळी आम्ही तिघं मैदानावर गेलो. तांबडी माती, तिच्यात टाकलेल्या हळद-ताकाचा तो आंबूस वास, ढोल, भंडारा, जिलेबीची कढई. अक्काला कुणी स्टेजवर बोलावलं नाही, नवीन पोरांना ती ओळखूच येत नाही! आम्ही मातीच्या ढिगावर बसून शेंगा खात होतो. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

आणि शेवटची कुस्ती लांबली. दोघं डोक्याला डोकं लावून उभे. मैदान बोंबलायला लागलं. आणि दादूकाका, पंच म्हणून आत होते, आमच्याकडं बघून माईकवर म्हणाले, "निकाली हुईना तर वैजीच्यागत हात मिळवा की रं!"

हशा. केवढा हशा. अक्कापण हसली, तोंडानं. अण्णा शेंग सोलत होते, ती त्यांच्या हातातच राहिली. उरलेल्या शेंगा तिथंच टाकून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली अण्णा घोंगडं टाकून बसले होते. ऊन असं की कोंबडीसुद्धा चोच उघडी टाकून बसलेली. अक्का पाणी प्यायला बाहेर आली तर म्हणाले, "मांड."

"काय?"

"साताऱ्याचा डाव. मांड माझ्यासमोर."

अक्कानं तांब्या खाली ठेवला. आत जाऊन जुना पट आणला, एक घोडा हरवलेला, त्याच्या जागी बाटलीचं टोपण. आठवावं न लागता, न थांबता तिनं सोंगट्या मांडल्या, जणू त्या इतकी वर्षं तिच्या डोळ्यासमोर तशाच उभ्या होत्या.

"तू कुठली?"

"पांढरी."

"मी पांढरी घेतो. तू तिच्या बाजूनं खेळ. मी निकाली करून दावतो तुला."

मी उंबऱ्यात बसले. अव्वा हातातलं पीठ तसंच घेऊन दारात. अण्णा बघत राहिले, आणि मग त्यांनी एका कोपऱ्यात नुसत्या उभ्या असलेल्या हत्तीला बोट लावलं. "ह्यो आळशी हितं काय करतोय?" हत्ती उचलला आणि सरळ समोरच्या राजावर घातला. "शह!"

अक्कानं राजा बाजूला घेतला. अण्णांनी परत शह दिला. परत. मजा वाटायला लागली त्यांना. आणि तेवढ्यात अक्काचं एक काळं प्यादं, कुणाच्या लक्षात नसलेलं, मोकळ्या वाटेनं पळत सुटलं. वजीर झालं. अण्णा हरले.

"परत."

परत मांडलं. ह्या वेळी हत्ती दुसऱ्या वाटेनं. परत तेच प्यादं. "परत!" अव्वा म्हणाली, "आवं, जेवा तरी." अण्णा म्हणाले, "गप गं, कुस्ती चाललीया." घाम मोडक्या कानावरून गळत होता.  अक्का नुसतं मांडायची, खेळायची, मांडायची. सावली घोंगड्यावरून सरकून पलीकडं गेली.

मग एकदा अण्णांनी हत्ती उचलला आणि तो हवेतच धरला. बघत राहिले. त्या प्याद्याकडं, हत्तीच्या रिकाम्या घराकडं. आणि हळूच तो होता तिथंच परत ठेवला.

"वैजे."

"आं?"

"ह्यो तर मेंढरांच्या वाडग्यावरचा राखनीचा कुत्रा हाय."

अक्कानं हातातलं प्यादं खाली ठेवलं.

"लांडगं जोडीनं येत्यात. एक म्होरं येऊन कुत्र्याला लांब न्हेतंय. कुत्रं यडं आसलं तर जातंय मागं. आन दुसरं हिकडनं मेंढरांत शिरतंय." त्यांनी हत्तीच्या डोक्यावर बोट ठेवलं. "चांगलं कुत्रं हालत न्हाई. भुकतंय, पन जागा सोडत न्हाई."

"व्हय अण्णा."

"आन तिचं?"

"तिच्या हत्तीचंबी तसंच. जो हालंल त्यो पडंल."

"मग कप कसा गं मिळाला? कुनी पडलंच न्हाई तर?"

"आदल्या सगळ्या डावांत मी चितपट केलं होतं, अण्णा. एकबी सोडली न्हवती. मी सगळ्यांच्या वर हुते. शेवटाला नुसती माजी पाठ लागायची न्हवती."

अण्णांनी मान वर केली. "सगळ्या?"

"सगळ्या."

"मग ह्ये सांगितलं का न्हाईस इतकी सालं?"

"तुमी इचारलं कवा?"

वारा नव्हता तरी लिंबाची फुलं पडत होती, पटावर, बारीक बारीक. अण्णांनी एक फूल हत्तीवरून उचलून बाजूला टाकलं. मग परत हत्तीकडं बघितलं, आणि खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते! "आन मी सारखा म्हनतोय, आळशी! आळशी म्हनलो की गं त्याला!" अक्कापण हसायला लागली, आणि मग तीच रडायला लागली, आणि अव्वानं पिठाच्या हातानंच तिचं तोंड पुसलं, सगळं कपाळ पांढरं.

मी काय सांगू तुम्हाला, माझ्या छातीवर एवढा मोठा दगड आहे हे मला तो उतरल्यावर कळलं. अक्कानं त्या दुपारी दोन भाकरी खाल्ल्या. ठेचा मागून घेतला. आणि बँकेत फोन करून सांगितलं, सुट्टी वाढवा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पट काखेत मारून हॉटेलात. टेबलावरच्या चहाच्या बश्या बाजूला सारल्या आणि मांडला डाव. तोच. त्यांना येतो तेवढाच एक. "कोन म्हनत हुतं मिळवून घेतलं? बसा. घ्या पांढरी. करा निकाली." दूधवाला बसला, हरला. सोसायटीचा क्लार्क बसला, हरला. कॉलेजात बुद्धिबळ खेळलेला एक पोरगा मोठ्या ऐटीत बसला, तोही हरला, कारण हॉटेलभर माणसं ओरडत होती "शह दे, शह दे" आणि त्यालाही राहवलं नाही. प्रत्येक जण हत्ती उचलतोच! आणि अण्णा प्यादं सरकवत म्हणायचे, "ग्येलं मेंढरू."

आज चौथ्या प्रहरी मी दारात तांदूळ निवडत बसले होते तर दादूकाका आले. मिशा घामेजलेल्या. मला वाटलं आता परत काहीतरी टोचून बोलणार.

"कुठाय ती वैजी?"

"झोपलीय काका. हळू बोला."

आत लिंबाकडच्या दारात अक्का झोपली होती. घोंगड्यावर, आडवी तिडवी, तोंड उघडं, एक वेणी सुटलेली. दादूकाकांनी वाकून आत बघितलं. एवढा मोठा पैलवान, पण पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आवाज होईल म्हणून.

"सकाळधरनं बसीवलंय मला तुज्या बापानं," ते कुजबुजले. "चा बी पिऊ देईना."

"मग डाव सोडून उठायचं की काका!"

"कसा उठू? समदी बघाय लागल्यात. आत्ताबी तंबाकू आनतो म्हनून सटाकलोय." ते आणखी जवळ आले. "पोरी, ती उठली की येवढं इचारून ठेव. त्या डावात बरोबरी कशी मागत्यात? मी हात म्होरं करतोय, आन तुजा बाप हात मिळवंना."